संत कॅथरीन: अलेक्झांड्रियाची आख्यायिका आणि जुन्या गोव्याची वेदी

अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन ही प्राचीन ख्रिस्ती परंपरेतील एक प्रमुख रक्तसाक्षी. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ चालू असताना इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत अठराव्या वर्षी तिचा शिरच्छेद झाला, असे तिचे चरित्र सांगते. २५ नोव्हेंबर हा तिचा सणाचा दिवस. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल तिलाच अर्पण केलेले आहे. सतराव्या शतकात पूर्ण झालेले हे चर्च आशियातील सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक गणले जाते.

तिच्याविषयी लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: ती व्यक्ती, तिची कथा आणि तिच्या नावाने वाढलेली भक्ती. व्यक्तीबद्दल समकालीन पुरावा नाही. कथा तिच्या मानलेल्या मृत्यूनंतर तीन-चार शतकांनी लिहिली गेली. भक्तीला मात्र मठ, चर्चे, शिलालेख, चित्रे, नगराची मानचिन्हे असा भक्कम आधार आहे. संतांच्या चरित्रांत या तिन्हींची सरमिसळ नेहमी होते आणि त्यातून दोन टोकांच्या चुका होतात. कोणी सगळेच खरे मानतो, कोणी सगळेच टाकून देतो. कॅथरीनच्या बाबतीत दोन्हींनी नुकसानच होते, कारण तिच्या कथेचा इतिहास हा स्वतःच मोठा आणि खरा इतिहास आहे.

रक्तसाक्षी म्हणजे श्रद्धेची साक्ष प्राण देऊन देणारा. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती समाज रोमन सत्तेच्या दृष्टीने संशयास्पद होता, कारण सम्राटासाठी आणि राज्याच्या देवतांसाठी यज्ञबळी देण्यास त्याचे लोक नकार देत. स्मर्ना नगरीचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना दुसऱ्या शतकाच्या मध्यास जिवंत जाळण्यात आले. तेथील मंडळीने लिहिलेल्या पत्रात त्यांच्या अस्थी गोळा करून जपल्याचा आणि दरवर्षी मृत्युदिनी त्या जागी एकत्र जमण्याच्या संकल्पाचा उल्लेख आहे. संतभक्तीचे मूळ येथे सापडते: थडगे, अस्थी आणि वर्षातील ठरलेला दिवस. मृत्यूचा दिवस हाच स्वर्गातील जन्माचा दिवस मानला गेला, म्हणून तो शोकाचा न राहता सणाचा झाला. पुढे ७८७ मधील निकेयाच्या दुसऱ्या धर्मसभेने भेद स्पष्ट केला. आराधना फक्त देवाची; संतांना आणि त्यांच्या प्रतिमांना द्यायचा तो आदर. संताकडे मागायचे ते त्याने आपल्यासाठी देवाकडे रदबदली करावी म्हणून.

महाराष्ट्रातील सर्वच ख्रिस्ती समाज ही परंपरा पाळत नाहीत. वसई, ठाणे, मुंबई आणि गोव्यातील कॅथलिक समाजात संतांचे फेस्त (सण), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), लादाईन (विनंतीमाला) हे धार्मिक वर्षाचे अविभाज्य भाग आहेत. खानदेशात, जळगावपासून धुळे-नंदुरबारपर्यंत, ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेल्या प्रोटेस्टंट मिशनांच्या कामातून. त्या परंपरेत बायबलचे वाचन आणि सामुदायिक प्रार्थना यांना मध्यवर्ती स्थान आहे. संतांना विनवणे किंवा अवशेषांचे पूजन तिला मान्य नाही. त्यामुळे खानदेशातील ख्रिस्ती वाचकालाही कॅथरीनचे नाव ओळखीचे असेलच असे नाही.

छळाचा काळ मात्र इतिहासाला चांगला माहीत आहे. सम्राट डायोक्लेशियनने ३०३ च्या फेब्रुवारीत पहिला हुकूम काढला: चर्चे पाडावीत, धर्मग्रंथ जाळावेत, ख्रिस्ती लोकांचे अधिकार काढून घ्यावेत. त्यानंतर धर्मगुरूंना अटक आणि अखेर सर्वांना यज्ञबळीची सक्ती असे हुकूम आले. इजिप्तमध्ये त्यांची अंमलबजावणी अतिशय कठोर झाली. तेथील कॉप्टिक चर्च आजही वर्षे मोजते ती डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून, म्हणजे २८४ पासून, आणि त्या गणनेला हुतात्म्यांचा शक म्हणते. अलेक्झांड्रियाचे बिशप पीटर यांना ३११ च्या नोव्हेंबरात, सम्राट मॅक्सिमिनस दाइया याच्या सत्तेत, ठार करण्यात आले. ही घटना निर्विवाद आहे. कॅथरीनची कथा याच नगरीत, याच वर्षांत, याच महिन्यात घडते.

कथा अशी. कॅथरीन ही राजा कोस्टसची मुलगी, रूपवान आणि त्याहून अधिक विद्वान. ती अठरा वर्षांची असताना सम्राट मॅक्सेंशियस अलेक्झांड्रियात आला आणि त्याने सर्वांना देवतांसमोर बळी देण्याचा आदेश दिला. ती स्वतःहून त्याच्यासमोर गेली आणि तो करतो आहे ते कसे चूक आहे, हे युक्तिवादाने सांगू लागली. सम्राटाला उत्तर देता येईना. त्याने राज्यातून पन्नास पंडित बोलावले. वाद झाला, पंडित हरले आणि त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सम्राटाने त्यांना जाळून मारले. कॅथरीनला कोठडीत टाकले, तर तिला भेटायला गेलेली राणी, पोर्फिरी नावाचा सेनानी आणि त्याचे दोनशे सैनिक यांनीही तिचा धर्म घेतला. त्यांचाही वध झाला. मग तिच्यासाठी टोकदार खिळे लावलेली चाके तयार करण्यात आली. ती तिच्या स्पर्शाने, किंवा देवदूताच्या आघाताने, मोडून पडली. शेवटी तलवारीने तिचा शिरच्छेद झाला. मानेतून रक्ताऐवजी दूध वाहिले आणि देवदूतांनी तिचा देह उचलून सिनाई पर्वतावर नेला.

या कथेचा गाभा वाद आहे, आणि तो फार महत्त्वाचा आहे. प्राचीन स्त्री-रक्तसाक्षींच्या बहुतेक चरित्रांत भर असतो तो कौमार्याच्या रक्षणावर आणि यातना सोसण्यावर. कॅथरीनच्या चरित्रात ते सारे आहे, पण तिचे खरे सामर्थ्य बुद्धीचे आहे. खानदेशातील वाचकाला येथे मुक्ताबाई आठवणे साहजिक आहे. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव आणि जवळचे मुक्ताईनगर ही दोन्ही ठिकाणे एका तरुण मुलीपुढे सिद्धीचा अभिमान टाकून नमलेल्या वृद्ध योग्याची स्मृती सांगतात. मुक्ताबाईंचा परंपरागत काळ १२७९ ते १२९७, म्हणजे आयुष्य तेवढेच, अठरा वर्षांचे. साम्य इथवरच. मुक्ताबाईंचे अभंग आहेत, त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. कॅथरीनच्या तोंडी घातलेली भाषणे नंतरच्या लेखकांची आहेत. तिची स्वतःची एक ओळही नाही.

ऐतिहासिकतेचा प्रश्न इथेच उभा राहतो. मॅक्सेंशियसची सत्ता रोमवर होती, इजिप्तवर नव्हती. तेथे सत्ता होती ती मॅक्सिमिनस दाइयाची. काही हस्तलिखितांत नाव बदलून ही अडचण दूर केलेली दिसते. बिशप युसेबियस हा त्या छळाचा समकालीन इतिहासकार. त्याने अलेक्झांड्रियातील एका श्रीमंत, कुलीन आणि सुशिक्षित ख्रिस्ती स्त्रीची हकीकत दिली आहे. मॅक्सिमिनसच्या वासनेला तिने नकार दिला, तेव्हा तिची मालमत्ता जप्त करून तिला हद्दपार करण्यात आले. युसेबियस तिचे नाव देत नाही, आणि तिचा वध झाला असेही म्हणत नाही. कॅथरीनच्या कथेचे एखादे बीज या नोंदीत असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. दुसरे अनुमान हायपेशियाचे आहे. अलेक्झांड्रियाची ही गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ स्त्री ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाकडून मारली गेली. विदुषीची प्रतिमा तिच्यावरून घेतली गेली आणि भूमिका उलट झाल्या, असे हे मत. ते लक्षवेधी आहे, पण त्याला थेट पुरावा मिळालेला नाही, आणि अनुमान म्हणूनच ते ठेवायला हवे.

सर्वांत बोलका पुरावा न बोलणाऱ्या साधनांचा आहे. एगेरिया नावाची यात्रेकरू स्त्री चौथ्या शतकाच्या अखेरीस सिनाईला गेली होती. तिने पर्वत, तेथील संन्यासी, मोशेच्या जळत्या झुडपाची जागा या सगळ्याचे बारकाईने वर्णन केले. कॅथरीनचा उल्लेख त्यात नाही. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने तेथे तटबंदीचा मठ बांधला. त्याच्या चर्चमधील प्रसिद्ध मोझाइक येशूच्या रूपांतराच्या प्रसंगाचे आहे, कॅथरीनचे नाही. तिची ग्रीक चरित्रे सातव्या-आठव्या शतकापासून आढळू लागतात. पर्वतावर तिचा देह मिळाला ही परंपरा सुमारे आठशेच्या आसपासची आहे. दहाव्या शतकात सिमेऑन मेटाफ्रास्टेसने संतचरित्रांच्या संग्रहात तिची कथा नव्याने लिहिली आणि ती बायझंटाइन जगात सर्वत्र पोहोचली. मठाचे नावही कालांतराने तिच्यावरून पडले. हा मठ आजही चालू आहे आणि २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

पश्चिमेकडे ही भक्ती नेली ती अवशेषांनी. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिनाईचा संन्यासी सिमेऑन याच्याकडून तिच्या बोटांची हाडे फ्रान्समधील रूआँ येथे आली आणि शहराजवळच्या टेकडीवरील मठ यात्रास्थान बनला. धर्मयुद्धांतून परतणाऱ्यांनी सिनाईच्या आठवणी आणल्या. तेराव्या शतकात याकोबुस दे व्होराजिने याने रचलेल्या संतकथांच्या लॅटिन संग्रहात तिला मोठे प्रकरण मिळाले, आणि युरोपातील प्रत्येक भाषेत ती पोहोचली. संकटात धावून येणाऱ्या चौदा संतांमध्ये तिची गणना झाली. तत्त्वज्ञ, विद्यार्थी, ग्रंथपाल, अविवाहित मुली यांची ती आश्रयदाती. चाकामुळे चाके बनवणारे सुतार, गिरणीवाले आणि सूत कातणाऱ्या स्त्रियाही तिला आपली मानू लागल्या. जोन ऑफ आर्कने आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजांत कॅथरीनचा आवाज असल्याचे न्यायाधीशांपुढे सांगितले होते. १४३१ मध्ये जोनला जाळण्यात आले. विद्वान पुरुषांशी वाद घालणाऱ्या मुलीची कथा शतकानुशतके चर्चमध्ये वाचली जात होती, हे लक्षात घेतले तर खेड्यातल्या एका मुलीला असे बळ कोठून मिळाले असेल याची थोडी कल्पना येते.

चित्र-शिल्पांत ती सहज ओळखता येते: डोक्यावर मुकुट, हातात तलवार किंवा पुस्तक, शेजारी मोडलेले चाक. बऱ्याचदा तिच्या पायाखाली मुकुट घातलेला एक लहानखुरा पुरुष दिसतो. तो तिला मारणारा सम्राट. देहाने ती हरली आणि सत्याने जिंकली, असा त्याचा अर्थ. गोव्यात या चिन्हाला वेगळा अर्थ चिकटला.

पोर्तुगीज सेनापती अफोंसो द अल्बुकर्कने १५१० च्या फेब्रुवारीत होन्नावरच्या तिमोजाच्या मदतीने गोवा बेट घेतले. मे महिन्यात विजापूरच्या आदिलशाही फौजेने ते परत जिंकले. पावसाळा संपल्यावर अल्बुकर्क पुन्हा आला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने शहर कायमचे ताब्यात घेतले. तो दिवस संत कॅथरीनचा होता. शहर पडल्यावर तेथील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. अल्बुकर्कने डिसेंबरमध्ये राजा मॅन्युएलला लिहिलेल्या पत्रात ती स्वतः सांगितली आहे. गोव्यातील कॅथरीनच्या भक्तीचा आरंभ या दिवसापासून आहे, आणि तो रक्ताळलेला आहे हे सांगितल्याशिवाय तिचा इतिहास सांगता येत नाही. कोणी साधू तिची कथा घेऊन येथे आला नव्हता, तिचा अवशेषही आला नव्हता. पंचांगातल्या एका तारखेने तिला या किनाऱ्याची आश्रयदाती केले. सत्तेपुढे निःशस्त्र उभी राहून मारली गेलेली तरुणी विजेत्या सत्तेची खूण झाली. तिच्या हजार वर्षांच्या वाटचालीतले हे सर्वांत मोठे वळण होय.

अल्बुकर्कचे सैन्य ज्या वेशीतून शहरात शिरले, तेथे त्याच वर्षी माती आणि गवताचे छोटे कपेल उभारण्यात आले. पुढे ते जांभ्या दगडात बांधले गेले. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने त्याची वाढ केली आणि पोर्तुगीज शिलालेख बसवला. याच जागी वेस होती, येथूनच अल्बुकर्क आत शिरला, दिवस संत कॅथरीनचा होता, असा त्याचा आशय आहे. आजही हे कपेल असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चच्या पश्चिमेस उभे आहे. १९५२ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली.

३ नोव्हेंबर १५३४ रोजी पोप तिसरे पॉल यांनी गोव्याचा धर्मप्रांत स्थापन केला आणि कॅथरीनच्या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. या धर्मप्रांताची हद्द आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यामुळे वसई, साष्टी, ठाणे येथील नवख्रिस्ती गावेही गोव्याच्या बिशपच्या अधिकाराखाली आली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तोवर दोनशे वर्षे उत्तर कोकणातील ख्रिस्ती मंडळ्यांची मुख्य वेदी कॅथरीनची होती. १५५७ मध्ये गोवा महाधर्मप्रांत झाला.

सध्याचे से कॅथेड्रल बांधायला १५६२ मध्ये, राजा सेबास्तियांवच्या काळात, सुरुवात झाली. खर्च राजाच्या खजिन्यातून झाला. मुख्य इमारत १६१९ मध्ये पूर्ण झाली, १६४० मध्ये अभिषेक झाला आणि वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. लांबी सुमारे २५० फूट, रुंदी १८१ फूट. बाहेरचा दर्शनी भाग साधा, तस्कन शैलीचा, तर आतला थाट कोरिंथियन. दोन मनोऱ्यांपैकी उत्तरेचा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. दक्षिणेच्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. मुख्य वेदीचे सोनेरी मुलामा दिलेले उंच लाकडी मखर ही या चर्चमधील सर्वांत समृद्ध कलाकृती. तिच्यावरील मोठ्या चौकटींत कॅथरीनच्या जीवनातील आणि मृत्यूतील प्रसंग कोरले आहेत. ज्यांना ग्रीक किंवा लॅटिन कळत नव्हते, त्या गोंयकारांना अलेक्झांड्रियाची कथा मिळाली ती या लाकडावरून. या मखराकडे घाईत पाहून पुढे जाणारे पर्यटक फार मोठी गोष्ट गमावतात.

याच चौकाला लागून, आदिलशाही वाड्याच्या जागी, इन्क्विझिशनचे न्यायालय होते. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधल्या अल्प काळाचा खंड सोडता, त्याने धर्माच्या नावाखाली माणसांना शिक्षा दिल्या. पंडितांना वादाने जिंकणाऱ्या संतेच्या वेदीपासून काही पावलांवर हे चालत असे. भक्तीचा इतिहास लिहिणाऱ्याने ही दोन्ही दृश्ये एकत्र पाहिली पाहिजेत.

मांडवीच्या काठावरील व्हाइसरॉयांची कमान सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्को द गामाने आपले पणजोबा वास्को द गामा यांच्या स्मरणार्थ बांधली. तिच्या एका बाजूला तलवार घेतलेली एक स्त्री पायाखाली एका पुरुषाला तुडवत उभी आहे. अनेक अभ्यासक तिला कॅथरीन मानतात, आणि पायाखालचा पराभूत हा सम्राट न राहता जिंकलेला आदिलशाह ठरतो. तिचे चाकही मानचिन्हांत शिरले. विसाव्या शतकात पोर्तुगीज भारतासाठी ठरवलेल्या ढालीवर ते होते आणि १९६१ पर्यंत सरकारी कागदांवर राहिले.

एवढे असूनही गोव्याच्या लोकांच्या मनात कॅथरीनला पहिले स्थान मिळाले नाही. ते मिळाले फ्रान्सिस झेवियर यांना. त्यांचा देह १५५४ मध्ये गोव्यात आला आणि आज समोरच्या बॉम जेझूस बॅसिलिकात आहे. कारण समजण्यासारखे आहे. झेवियर या भूमीवर वावरले, त्यांचे शरीर डोळ्यांना दिसते, ‘गोंयचो सायब’ म्हणून त्यांना हाक मारता येते. कॅथरीन राजाने आणि सेनापतीने नेमलेली आश्रयदाती होती. घराघरांतून तिला नवस होत नव्हते. लोक संत निवडतात ते जवळिकीने. वसईतही भक्ती वळली ती स्वतःच्या मातीतल्या गोन्सालो गार्सिया यांच्याकडे. वसईत जन्मलेले हे फ्रान्सिस्कन बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांचे सोबती, तारीख आणि मृत्यूची जागा समकालीन साक्षींतून माहीत आहे. कॅथरीनकडे जे नाही, ते सारे त्यांच्याकडे आहे.

जुन्या गोव्याशी जोडलेली आणखी एक रक्तसाक्षी म्हणजे जॉर्जियाची राणी केटेवान. १६२४ मध्ये शिराझ येथे शाह अब्बासच्या आज्ञेने तिला ठार मारण्यात आले, आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष गोव्यातील आपल्या मठात आणले. भग्न मठाच्या उत्खननात सापडलेल्या हाडांची जनुकीय तपासणी झाली आणि भारत सरकारने २०२१ मध्ये ती जॉर्जियाला दिली. अवशेषांची परीक्षा आता प्रयोगशाळेत होते. सिनाईच्या अस्थींच्या बाबतीत मध्ययुगात असा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

कॅथलिक चर्चने मात्र कॅथरीनबद्दल प्रश्न विचारला. संतचरित्रांची चिकित्सा करणाऱ्या बोलांदिस्त जेझुइटांनी सतराव्या शतकापासून घालून दिलेल्या पद्धतीचा परिणाम म्हणून १९६९ मध्ये रोमन पंचांगाची फेररचना झाली आणि पुरेसा ऐतिहासिक आधार नसलेल्या काही संतांचे सण सार्वत्रिक यादीतून वगळण्यात आले. त्यांत कॅथरीनचा होता. तिचे संतपद काढले गेले नव्हते. जेथे परंपरा होती तेथे सण चालूच राहिला. २००२ मध्ये तिचा दिवस ऐच्छिक स्मरणदिन म्हणून यादीत परत घेतला गेला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो कधीच थांबला नव्हता; ग्रीक परंपरा २५ तारखेला, तर रशियन परंपरा २४ तारखेला तो पाळते.

जुन्या गोव्यात २५ नोव्हेंबर हा झेवियर यांच्या नोव्हेनाचा दुसरा दिवस असतो. ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी पहाटेपासून चालत आलेले भाविक बॅसिलिकाच्या दिशेने जातात. रस्त्याच्या पलीकडे, से कॅथेड्रलमध्ये, त्याच दिवशी त्याच्या आश्रयदातीचा सण येतो.